येऊन राहिले

माझ्या बायकोनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे झेरॉक्स. अकोल्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकान आहे, तिथं एका कागदाच्या अकरा प्रती काढल्या. त्याच दिवशी दिवेलागणीच्या आधी ती गेली. अकरा कशाला, ते पुढं सांगतो. आधी ती कशी होती ते सांगावं लागेल, कारण अकरा म्हणजे तिच्या मानानंही जास्तच. एरवी ती तीन काढायची.

तीन ठरलेल्या. लाइटबिल असो, रेशनकार्ड असो की नातवाचा निकाल असो. दुकानदारानं एकदा विचारलं, "काकू, दोनात भागत नाई का?"

"नाई भागत बाप्पा. एक त्यायची, एक आपली, अन् एक हरवाची."

सरकारी ऑफिसात कागद हरवतो हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण हरवायचा कागद घरून वेगळा नेणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

तिचं नाव बेबी. लाडाचं नाही, आधार कार्डावरचं. माहेर मोर्शीकडचं. आमच्याकडे त्या वयाच्या बायांत गल्लीगल्लीत एक बेबी सापडते. बाप नाव ठेवायचं विसरतो, मग पोरगी शाळेत बेबी, लग्नपत्रिकेत बेबी आणि सातबाऱ्यावरही बेबीच. ती सातवी पास, मी चौथी. मी मस्कतला चोवीस वर्षं पाइप जोडले. मला सही येते आणि पाइप जोडता येतो. बाकी सगळा कारभार बेबीकडे.

फायलीवर तिचा विश्वास नव्हता. फायलीला उंदीर लागतो, स्टीलच्या डब्याला लागत नाही, म्हणून घरातले सगळे कागद डाळीच्या आणि मसाल्याच्या रिकाम्या डब्यांत. आमच्या घरचा कागद ज्या ज्या ऑफिसात गेला, तिथं हिंगाचा वास घेऊन गेला. एका बँकेत तर साहेबानं कागद नाकाला लावून पाहिला आणि विचारलं, जेवायची वेळ झाली का.

दुसरं वेड पोचेचं. पोच घेतल्याशिवाय ती कोणाला काही देत नसे. गिरणीत दळण टाकलं तरी गिरणीवाल्याला म्हणायची, "लिवून दे, पाच किलो भेटली म्हून." आमच्या पोरीच्या, पमीच्या लग्नात हिवरखेडच्या व्याह्यांना मानपान दिला तेव्हा तिनं वही पुढं केली. व्याही हसले. ती हसली नाही. सही घेतली. हे मला फोनवर कळलं, कारण मी मस्कतला होतो. रजा मिळाली नव्हती.

मी कायमचा परत आलो तेव्हा वाटलं, आता ओट्यावर बसावं आणि भाकर खावी. तशी दोन वर्षं खाल्लीही. मग टॅक्सच्या ऑफिसातून नोटीस आली. कंपनीनं सोडताना दिलेले पैसे बँकेत आले होते. ऑफिसचं म्हणणं, त्या वर्षी तुम्ही कुठं होतात ते कळवा. वकिलानं समजावलं ते असं: एप्रिल ते मार्च या वर्षात एकशे ब्याऐंशी दिवस इथं भरले तर तुम्ही इथले, मग तिकडच्या कमाईवरही इथं टॅक्स. तितके भरले नाहीत तर तुम्ही बाहेरचे, मग नाही. मी आलो दिवाळीनंतर. म्हणजे बाहेरचा. काही भिण्यासारखं नव्हतं.

उत्तर बेबीनं लिहिलं. माझ्या नावानं नाही, स्वतःच्या नावानं. मी म्हटलं, नोटीस मला आहे. तर म्हणे, "घरी कोण नोयतं ते घरी होतं त्यानंच सांगाव ना. तुमाले काय माईत." पत्र तीन ओळींचं:

"आमचे हे एप्रिलपासून येऊन राहिले. येण्याची तारीख पासपोर्टात आहे, पाहून घेणे. आपली विश्वासू, बेबी."

वऱ्हाडाबाहेरच्या माणसासाठी सांगतो. आमच्याकडे 'नोयतं' म्हणजे नव्हतं, आणि 'जेवून राहिलो' म्हणजे जेवतो आहे, अजून हात धुतला नाही. 'येऊन राहिलो' म्हणजे वाटेवर आहे, अजून पोचलो नाही. आणि बेबीनं लिहिलं ते खरंच होतं. एप्रिलमध्ये कंपनी म्हणाली पुढच्या महिन्यात सोडतो. पुढच्या महिन्यात तेच, पावसाळ्यात तेच. बेबीनं एप्रिलात माझ्यासाठी गहू निवडून ठेवला, त्याला कीड लागली, तो पुन्हा निवडला. मी एप्रिलपासून येऊन राहिलो होतो आणि आलो दिवाळी झाल्यावर.

पण टॅक्सचा साहेब पुण्याचा. त्याच्याकडे 'येऊन राहिला' म्हणजे आला आणि राहिला.

आधी एक पत्र आलं की बेबी ही अज्ञान बालिका असल्यास तिचं म्हणणं धरता येणार नाही, वय कळवावे. बेबीनं आधारच्या तीन प्रती पाठवल्या. वय एकसष्ट. दोनच महिन्यांत दुसरं पत्र: पासपोर्ट म्हणतो नोव्हेंबर, पत्नी म्हणते एप्रिल, दोघांत खरं कोण? समक्ष येऊन खुलासा करावा, अमरावतीला. खुलासा पटला नाही तर टॅक्स भरा, वर दंड. आकडा वाचून वकिलानं चष्मा काढला. तेवढे पैसे द्यायचे तर राहतं घर विकावं लागलं असतं.

"काकू," वकील म्हणाला, "सोपं हाये. हे वाक्य माझ्याकडून चुकून लिवल्या गेलं, एवढं लिवून द्या. मिटते."

"चुकून नाई लिवलं."

"अवो पण पुण्याच्या साहेबाले कसं समजन?"

"नाई समजन तं सांगू. शिकलेला हाये ना, शिकन अजून."

वकिलानं माझ्याकडे पाहिलं. घरी येऊन मी तिच्यावर खूप ओरडलो. म्हटलं, "चोवीस वर्षं मी उन्हात पाइप जोडले. तुह्या एका शब्दापायी ते घर जाऊन राहिलं."

ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "जाऊन राहिलं ना? म्हंजे गेलं नाई अजून."

असल्या बाईशी भांडून काय उपयोग.

अमरावतीला एसटीनं गेलो. ऑफिसात जायचं म्हणजे डबा न्यायचाच हा तिचा नियम, त्यामुळे भाकरी, ठेचा आणि पाण्याची बाटली घेऊन आम्ही खुलाशाला निघालो, गावजेवणाला निघाल्यासारखे. मूर्तिजापूरपर्यंत ती खिडकीतून कपाशी बघत होती.

साहेब तरुण होता, माणूस वाईट नव्हता. खुर्च्या दिल्या, शिपायाला चहा सांगितला. शिपाई शेखभाई, रिटायरला आलेला, आमच्या वऱ्हाडातलाच. तो गेला. साहेबानं कागद काढला.

"काकू, हे अक्षर तुमचं?"

"हाव."

"तुम्ही लिहिलंय, एप्रिलपासून येऊन राहिले."

"हाव."

"म्हणजे एप्रिलपासून ते इथे आहेत."

"नाई. येऊन राहिले म्हंजे आले नाई."

साहेबानं कागद पुन्हा वाचला. "आले. आणि राहिले."

"आले अन् राहिले असते तं मी कागद काहून लिवला असता साहेब? तुमीच सांगा."

साहेब म्हणाला, कायद्यात शब्दाचा सरळ अर्थ घ्यावा लागतो. बेबी म्हणाली, सरळच आहे. साहेब म्हणाला, मग पुरावा काय. वकील खाली मान घालून बसला. मी मनात घराची किंमत लावत होतो. बराच वेळ झाला म्हणून साहेबानं दाराकडे पाहून आवाज दिला, "शेखभाई, चहाचं काय झालं?"

बाहेरून उत्तर आलं, "आणून राहिलो साहब."

बेबीनं टेबलाकडे पाहिलं. मग साहेबाकडे.

"दिसला का चाय?"

साहेब हसला, आणि हसू आवरेना म्हणून रुमाल काढला. शेखभाई खरंच चहा घेऊन आला तेव्हा त्याला कळेना की आपण काय केलं. साहेबानं त्याला विचारलं, तुम्ही 'येऊन राहिलो' कधी म्हणता? तो म्हणाला, "रस्ते में रहतो तवा, साहब." ते साहेबानं लिहून घेतलं. शेखभाईची सही घेतली. बेबीनं त्याची पोच मागितली.

प्रकरण इथं संपायला हवं होतं. पण साहेब आता खुशीत होता. चहा पिता पिता त्यानं सहज विचारलं, "मग काकू, माणूस आला आणि खरंच राहिला, याला तुमच्याकडे काय म्हणतात?"

ज्या बाईला मी कधी उत्तरासाठी थांबलेलं पाहिलं नव्हतं, ती थांबली. बशी खाली ठेवली.

"ते म्हणाचं कामच नाई पडलं कधी," ती म्हणाली. "चोवीस वर्सं कोणी बी इचारलं, दूधवाल्यानं इचारलं, मास्तरनं इचारलं, यायची माय मरून राहिली होती तिनं इचारलं. मी एवढंच सांगो. येऊन राहिले."

साहेबानं कागद सारखे केले. बाहेर येऊन आम्ही लिंबाखाली भाकर खाल्ली. माझी अर्धी तशीच उरली. तिनं माझ्या वाटणीची अर्धी खाल्ली आणि म्हणाली, ठेचा छान झाला.

निकालाचा कागद पावसाळा संपताना आला. तिनं ओट्यावर बसून मोठ्यानं वाचला. सदर इसम त्या वर्षी भारतात रहिवासी नव्हता, सबब मागणी रद्द. घर वाचलं. मी साखर आणायला उठलो, तर ती म्हणाली आधी झेरॉक्स.

दुकानात तिनं अकरा सांगितल्या.

"अकरा काहून?"

"एक अंजनगावच्या ताईले," ती बोटांवर मोजत म्हणाली. ताई म्हणजे माझी सख्खी बहीण, अंजनगाव सुर्जीला असते. "एक हिवरखेडच्या व्याह्याले. एक तुमच्या काकाच्या पोराले. मंग बाकीचे."

"माह्या टॅक्सचा कागद त्यायले कायले?"

"यात लिवलं हाये, तुमी नोयते."

मला काही समजलं नाही. दुकानदार मशीन चालवत होता, उजेड काचेखालून इकडून तिकडे जात होता. तिकडेच बघत ती बोलली.

"ताई येतात, भितीवर हात फिरवतात. म्हणतात, भावानं घर बांधलं. स्लॅबले एकवीस दिवस पाणी मी मारलं, पमी कडेवर होती. तुमच्या मायले दवाखान्यात मी नेलं, मरताना तिचं तोंड मी पुसलं. मी म्हणो का ते घरी नोयते, तं लोक म्हणत, असं कसं वो, त्याचाच तं पैसा. आता सरकारनं लिवून देलं. नोयते म्हून."

मला राग आला. खोटं कशाला सांगू. म्हटलं, "मंग पैसा मी नाई पाठवला का?"

"पाठवला ना. त्याची पावती हाये. बाकीच्याची नोयती."

दुकानदारानं अकरा प्रती मोजून दिल्या. पैसे मी दिले. येताना पिशवी मी धरली. तिचा हात मोकळा होता, पण मला तो धरायचं सुचलं नाही. आमच्यात तसं कधी नव्हतंच.

संध्याकाळी ती बाजेवर बसून एकेका प्रतीच्या कोपऱ्यात नावं लिहू लागली. पंख्यानं कागद उडत होते, म्हणून मी शेजारी बसून ते दाबून धरले होते. सातव्या कागदावर नाव घातलं आणि म्हणाली, "जरासी टेकतो. धरून ठेवा." भिंतीला पाठ लावून डोळे मिटले. मी धरून बसलो. कागद उडू नयेत एवढंच माझ्या डोक्यात. बऱ्याच वेळानं मी विचारलं, आठवं नाव कोणाचं घालतं? ती बोलली नाही. मी पुन्हा विचारलं. मग शेजारी आले, डॉक्टर आला, त्यानं तिचा हात खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोक्षधामावर नेलं. तिथं एका खोलीत रजिस्टर असतं, त्यात लिहून दिल्याशिवाय पुढचं होत नाही. जावई पेन घेऊन पुढं झाला. म्हणाला, बाबा, तुम्ही बसा, मी भरतो. त्याच्या हातातून मी पेन घेतलं. आयुष्यात घरचा एकही कागद मी भरला नव्हता. तिचं नाव लिहिलं, वय लिहिलं. पुढं रकाना होता, खबर देणाऱ्याचं नाव व नातं. माझं नाव लिहायला वेळ लागला. नात्याच्या जागी मी लिहिलं: नवरा. घरी होता. जवळच होता.

तिथल्या माणसानं रजिस्टर आपल्याकडे फिरवून वाचलं.

"काका, नातं तेवढं पाह्यजे. बाकीचं नाई लागत. खोडू का?"

"राहू दे," मी म्हटलं, आणि खाली सही केली.