सबनीस सरांच्या तोबऱ्याची हकिकत

श्रीविद्युल्लता प्रसन्न असावी, आणि दुपारचे वेळी तरी खंडित न व्हावी. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, माघमासी एका विद्येच्या राज्यात जे वर्तमान घडले ते ऐसे. ‘पोट भरलं तरी तोंडचा तोबरा सुटत नाही बाई,’ ऐसे ग्रंथालयाच्या कारभारीण कुंदाताई हजारे डब्याचे झाकण लाविता लाविता शेजारणीच्या कानी पुटपुटल्या, तेथोन या हकिकतीस आरंभ.

त्या राज्यात विजेच्या गाड्या उदंड जाहल्या, आणि त्यांस चार्जिंगची पागा एकच, तीत तोबरे दोन. घोड्याच्या तोंडी दाण्याचा तोबरा बांधितात तैसी गाडीच्या तोंडी ही वायर, म्हणोन लोक तीस तोबराच म्हणत. पैकी एक उंदराने कुरतडिला, आणि त्याचे दुरुस्तीचा हुकूम या कचेरीतून त्या कचेरीत मुक्काम करीत चालिला, मग उरला एक. त्या एकावर रोज सकाळी पहिली स्वारी येई ती दिगंबर सबनीस सरांची. सर भूगर्भशास्त्राचे थोर अध्यापक, गेल्या आषाढात निवृत्त जाहले, आणि त्यांची खोली दुसऱ्यास दिली, खुर्चीही गेली. तरी सर रोज येत, गाडीस तोबरा चढवीत, आणि बुचाच्या झाडाखाली कट्ट्यावर बसोन राहत. कोणी पुसिले तर म्हणत, गाडी चार्ज होतेय, तोवर बसलोय. गाडीचे पोट चहाचे वेळेआधीच भरे, हिरवा दिवा लागे, आणि सर दिव्याकडे पाठ करोन बसत.

आता पागेचा रिवाज ऐसा की धन्याच्या आज्ञेवाचोन दुसऱ्याच्या गाडीचा तोबरा काढू नये. मागे एकदा रसायनवाल्यांनी गणितवाल्यांचा काढिला, आणि दोन्ही विभागांत चहापाणी बंद जाहले, ते अद्याप बंद आहे. म्हणोन मुत्सद्देगिरी चालिली. कोणी सरांस म्हणावे, ऊन फार, गाडी सावलीत घ्यावी. सर म्हणत, सावलीतच आहे. मग कुंदाताईंनी पाटी लाविली की चार्जिंग होताच जागा मोकळी करावी, आणि सरांनी ती चष्मा लावोन वाचिली, आणि बोलिले, बरं केलंत, हल्लीच्या मुलांना सांगावंच लागतं. मग कुलसचिवांनी पागेच्या शिस्तीसाठी समिती नेमिली, आणि समितीने, सरांकडे वेळ असतो म्हणोन, सरांसच अध्यक्ष केले.

ऐसे चालिले असता रेवतीबाई डोंगरदिवे नामे एक शिलेदार होत्या. शिलेदार म्हणजे घोडा स्वतःचा आणि चाकरी दुसऱ्याची. बाईंची स्कूटर स्वतःची, आणि शिकविणे तासिकेवर. सकाळची तासिका येथे, आणि दुपारची घाटापलीकडच्या कॉलेजात, आणि मध्ये चार्जिंग मिळाले तरच घाट चढणे. मागल्या पंधरवड्यात दोन वेळा स्कूटर घाटाखालीच बसली, आणि तेथील प्राचार्यांनी निक्षून सांगितले की आणखी एक तास बुडाला तर विषय दुसऱ्यास देऊ. त्या दिवशी बाई पागेत आल्या तो स्कूटरच्या चार्जिंगची शेवटची रेघ लुकलुकत होती, आणि सरांच्या गाडीवर हिरवा दिवा. आणि सर तर बाईंचे गुरू, दगड हाती कसा घ्यावा तेही त्यांजपासोन शिकलेल्या, म्हणोन यांची जीभ सर्वांहून जड.

कुंदाताई म्हणाल्या, ‘मी काढते वायर. तू तिकडे बघ.’

बाईंनी त्यांचा हात धरिला, आणि कट्ट्यावर जाऊन सरांशेजारी बसल्या. सरांनी पुसिले, काय गं रेवती, आज काय शिकवणार. बाईंनी सांगितले, बेसाल्टमधल्या पोकळ्या. तो सरांचा चेहरा खुलला, आणि हातवारे करोन सांगू लागले की लाव्हा थिजताना आतली वाफ कैसी कोंडते, मग ती जाते आणि जागा तैसीच राहते, आणि पुढे बहुत काळाने तीत स्फटिक धरितात. बाईंनी सर्व ऐकिले, घड्याळाकडे पाहिले नाही, मग खाली पाहोन बोलल्या,

‘सर, तुमची गाडी चहाच्या आधीच भरते. सगळ्यांना माहितीय. इथे बसायला तुम्हाला गाडीचं निमित्त लागत नाही. नुसतं या, बसा.’

कुंदाताई बुचाच्या शेंड्याकडे पाहू लागल्या. सर उठोन गेले, आपल्या हाते गाडीचा तोबरा काढिला, तो बाईंच्या स्कूटरीस लाविला, आणि परत येताना पुसिले, ‘आणि कुणी विचारलं, इथे काय करताय, तर?’

‘सांगा, बसलोय,’ कुंदाताई बोलल्या, आणि डबा पुन्हा उघडोन पुढे केला.

येणेप्रमाणे तोबरा सुटला, आणि बाईंनी घाट चढोन तासिका घेतली. दुसरे दिवशी सर चालत आले, आणि कट्ट्यावर बसले. उंदराच्या तोबऱ्याचा हुकूम अद्याप वाटेत आहे. घडले तैसे लिहिले, वाचणाराने सांभाळोन घ्यावे.