जावयाचे कुलूप

कुलूपवाले काका भर दुपारी स्वतःच्याच दारासमोर धुमसत उभे होते. तीस वर्षे लोकांची दारे उघडून दिली, आणि आज घरचे दार त्यांना जुमानत नव्हते. कुलूप जावयाने साठीची भेट म्हणून बसवून दिलेले. ते चेहरा ओळखायचे, बोलायचे, फक्त किल्लीला जागा नव्हती. किल्लीला जागा नसलेले कुलूप म्हणजे निव्वळ उद्धटपणा, असे काका पहिल्याच दिवशी म्हणाले होते. पण जावयाची भेट परत कशी करायची, म्हणून काकूंनी त्यांना गप्प केले होते.

आता काकू आत अडकल्या होत्या. आतूनही दार उघडेना. नवीन अटी मान्य करा, एवढेच कुलूप गोड आवाजात घोकत होते.

"तुम्ही कुलूपवाले ना?" काकू आतून म्हणाल्या. "मग उघडा की."

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

काकांना खरी धास्ती तीच होती. कुलूपवालाच घराबाहेर अडकला हे कळले, तर कोण काम देणार? त्यांनी पिशवीतली हत्यारे काढली, पण खुपसायची कुठे? मग जावयाला फोन लावला. दार माझे, चौकट माझी, बायको माझी, आणि अटी कंपनीच्या कशा, असे त्याला फैलावर घेतले. फोनमधले सगळे नंबर कंपनीला द्यायचे, ही तर पहिलीच अट होती. माझी गिऱ्हाइके मी सख्ख्या भावालाही सांगत नाही, काका कडाडले.

"मान्य करून टाका, बाबा," जावई म्हणाला. "अटी कोण वाचत बसतं?"

काकांनी फोन आपटला नाही एवढेच. त्यांनी दाराला लाथ घातली. कॅमेऱ्याकडे पहा, असे कुलूप म्हणाले. काकांनी पाहिले आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"आता मी खिडकीतून शेजाऱ्यांनाच हाक मारते," काकू म्हणाल्या.

काकांनी दातओठ खात फोनवरचे 'सहमत' दाबले. दार मुकाट उघडले. कुणी पाहिले नव्हते. काका हुश्श करून खुर्चीत टेकले, तोच फोन वाजला. ज्या शाळेत उद्या वर्गांना कुलपे बसवायची होती, तिथल्या मुख्याध्यापिका होत्या. काकांचा मेसेज पोचला, म्हणाल्या. मी घरी हेच कुलूप लावलंय, आता कुलूपवाला नको, असा. सोबत फोटोही होता, काका अगदी ओरडून सांगत असल्यासारखा.



"चाळीस वर्गांना तेच मागवलंय, म्हणून उद्या येऊ नका," बाई म्हणाल्या. "तीस वर्षं तुमच्या शब्दाबाहेर गेलो नाही, काका. आता कसे जाऊ?"