आठ सुट्या भागांची वाटणी

शुक्रवारी दुपारी सूनबाई घरी परतली तेव्हा खिडकीजवळच्या टेबलावर स्क्रीन होता, पण कॉम्प्युटर नव्हता.

"चोरी झाली?" तिने दारातूनच विचारलं.

"छे, एक्स्चेंज झाला," आप्पा म्हणाले. "ये, बस. आधी पाणी पी."

सूनबाई बसली नाही. तिच्या खांद्यावरच्या पिशवीत एक पेनड्राइव्ह होता आणि पेनड्राइव्हमध्ये एका चार मजली रुग्णालयाचा नकाशा. दुरुस्त्या करून तो सोमवारी सकाळी दहाला आर्किटेक्टच्या ऑफिसात पोचवायचा होता. जमलं तर घरबसल्या कायमचं काम मिळणार होतं. दहा महिन्यांपूर्वी आप्पांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा याच ऑफिसातली नोकरी सोडून ती घरी थांबली होती. आप्पांना उठवणं, बसवणं, आंघोळ, व्यायाम, मग काठी घेऊन दारापर्यंत आणि शेवटी काठीशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, हे सगळं तिने केलं. तोवर ऑफिसातली तिची खुर्ची भरली गेली होती. ही दुसरी संधी होती आणि तिसरी मिळेल असं वाटत नव्हतं.

आप्पांना हे सगळं माहीत होतं. म्हणून तर त्यांनी तिला नवा कॉम्प्युटर घेऊन द्यायचं ठरवलं. तिला न सांगता.

आप्पा दस्तलेखक. अडतीस वर्षं त्यांनी वाटणीपत्रं लिहिली. भाऊ-भाऊ, सासू-सून, सावत्र बहिणी, सगळ्यांना त्यांनी इंचाइंचाने सारखं वाटून दिलं. त्यामुळे कॉम्प्युटर आठ भागांचा असतो हे कळताच पुढचं त्यांना कुणी शिकवायची गरज पडली नाही. साठवलेले शहात्तर हजार होते. आठाने भागले की साडेनऊ. आप्पांना पाचशेचं शेपूट आवडत नसे. म्हणून जुना कॉम्प्युटर चार हजारांना देऊन टाकला. ऐंशी हजार, आठ भाग, दहा-दहा हजार.

"निवडणार कोण?" आप्पांच्या मुलाने, सूनबाईच्या नवऱ्याने, विचारलं होतं.

"आपण चौघं. प्रत्येकी दोन भाग, चिठ्ठ्या टाकून. आपला वाटा पूर्ण खर्च करायचा, काही उरवायचं नाही. उरलं की भांडण. आणि दुसऱ्याच्या वाट्यात कुणी डोकवायचं नाही."

त्याप्रमाणे मुलाला प्रोसेसर आणि पॉवर सप्लाय आला. मुलीला मदरबोर्ड आणि डिस्क. आप्पांना मेमरी आणि ग्राफिक्स कार्ड. सासूबाईंना कॅबिनेट आणि कीबोर्ड-माउस. चौघांनी चार वेगवेगळ्या दुकानांतून खरेदी केली. चारही दुकानदारांनी त्यांना दारापर्यंत सोडलं.

"सगळं उद्या सकाळी जोडून मिळेल," आप्पा म्हणाले. "काही बोलू नकोस. तू जे केलंस त्यापुढे हे काहीच नाही."

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कशामुळे आलं हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

शनिवारी सकाळी पाचही जण खोक्यांसह कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या बाईंच्या दुकानात हजर झाले. जुना कॉम्प्युटर या बाईंनीच घेतला होता आणि लगेच विकलाही होता. बाईंनी चष्मा चढवला, मदरबोर्ड टेबलावर ठेवला, प्रोसेसर हातात घेतला आणि थांबल्या.

"हा यात बसत नाही."

"कितीचा आहे तो?" आप्पांनी विचारलं.

"दहाचा," मुलगा म्हणाला.

"आणि हा?"

"दहाचा," मुलगी म्हणाली.

"मग बसायला काय हरकत आहे?"

बाईंनी आप्पांकडे पाहिलं. "काका, कंपन्या वेगळ्या आहेत. खाचा जुळत नाहीत."

"तू मला विचारायचं नाही का?" मुलगा बहिणीवर घसरला.

"डोकवायचं नव्हतं ना! आप्पांनीच सांगितलं होतं."

बाईंनी वाद वाढू दिला नाही. तेवढ्याच किमतीचा, खाचा जुळणारा बोर्ड त्यांनी कपाटातून काढला. मग पॉवर सप्लायचं खोकं उघडलं. "यावर अशी तीन मशीन चालतील," त्या म्हणाल्या. माउस पाहून तर त्यांनी चष्माच काढला. "बारा बटणं? कशाला?"

"दहा हजारांत तेवढी तर हवीतच," सासूबाई ठामपणे म्हणाल्या. "आणि कॅबिनेट मी वाजवून घेतलंय. गंज लागणार नाही."

कॅबिनेटला काचेचं दार आणि सहा पंखे होते. बटण दाबताच पंखे आधी निळे, मग गुलाबी, मग हिरवे झाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सूनबाईने पेनड्राइव्ह लावून रुग्णालयाचा नकाशा उघडला.

तळमजल्याच्या बाहेरच्या भिंती दिसल्या. बराच वेळ भिंतीच होत्या. मग जिना आला. खोल्या येईपर्यंत मुलगी शेजारी चहा सांगून आली. सूनबाईने माउस सरकवला. बाण तत्परतेने सरकला, रुग्णालय मात्र विचार करून मागून आलं. ग्राफिक्स कार्ड धापा टाकत होतं, प्रोसेसर हात टेकून बसला होता, आणि ज्यांना काहीच काम नव्हतं ते पंखे पुन्हा निळे झाले.

"दिवे तर लागतायत," आप्पा हळूच म्हणाले.

"जुन्यावर असे नकाशे याहून लवकर उघडत होते," सूनबाई म्हणाली. तिने हे तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. त्यामुळे ते आप्पांना जास्त लागलं.

बाईंनी स्टूल ओढलं. "यावर काम काय करायचंय, हे हिला कुणी विचारलं होतं?"

चौघांनीही पंख्यांकडे पाहिलं.

"कुणावर अन्याय होऊ नये एवढंच पाहिलं," आप्पा म्हणाले. "अडतीस वर्षांत माझ्या वाटणीवर एक माणूस कोर्टात गेला नाही."

"हे भाग कोर्टात जाणारच नाहीत, काका. हे एकमेकांसाठी थांबतात. सगळ्यात हळू चालणारा असेल त्याच्यासाठी बाकीचे सगळे थांबून राहतात. हिच्या कामाला जोर प्रोसेसरचा लागतो, मग कार्डाचा. कॅबिनेट म्हणजे नुसता डबा."

"डबा?" सासूबाईंना राग आला.

"पण कमी-जास्त द्यायचं ते कोणत्या आधारावर?" आप्पा अजून सोडत नव्हते.

डब्याचा राग कुठेतरी काढायचाच होता. सासूबाई नवऱ्याकडे वळल्या. "तुमचा खुबा बदलला तेव्हा पाचांत सारखी वाटणी केली होती का? माझ्या वाट्याला एक पंचमांश सांधा यायला हवा होता. अजून मिळाला नाही."

मुलगी हसली. मुलगाही हसला. आप्पा हसले नाहीत. त्यांनी सूनबाईकडे पाहिलं.

"आणि हिचे दहा महिने," ते म्हणाले. "तेही सगळे मलाच."

"तेव्हा तुम्हालाच हवे होते ना, आप्पा," सूनबाई म्हणाली.

आप्पांनी खिशातून पेन काढलं. "पावत्या माझ्याकडे आहेत. प्रत्येकीच्या दोन प्रती. बोला बाई, कुणाला किती?"

बाई सांगत गेल्या, आप्पा लिहीत गेले. प्रोसेसर चोवीस, कार्ड सतरा, मदरबोर्ड तेरा, मेमरी दहाच, डिस्क सहा. पॉवर सप्लाय साडेचार, कॅबिनेट साडेतीन, कीबोर्ड-माउस दोन. प्रत्येक आकड्याला आप्पांचा हात किंचित अडत होता. बेरीज बरोबर ऐंशी आली तेव्हा मात्र त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मग तिथेच बसून त्यांनी हक्कसोडपत्र लिहिलं आणि वाटा घटलेल्यांच्या सह्या घेतल्या. सासूबाईंनी सही करण्यापूर्वी बारा बटणं एकदा सगळी दाबून पाहिली.

दुपारभर मुलगा आणि मुलगी पावत्या घेऊन दुकानं फिरत होती. पॉवर सप्लाय मात्र मूळ दुकानदार परत घेईना. तो बाईंनी पूर्ण किमतीला ठेवून घेतला. "का?" असं आप्पांनी विचारल्यावर त्या म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांनी मला हे दुकान थाटून दिलं. त्यांनाही कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं."

संध्याकाळी टेबलावर एक साधा काळा डबा बसला. तो चमकत नव्हता, आवाज करत नव्हता. रुग्णालय क्लिकसरशी उघडलं. सूनबाईने रविवारी दिवसभर काम केलं. तिचं जेवण मुलाने बनवलं आणि ते कसं झालंय हे कुणी विचारलं नाही. सोमवारी पावणेदहाला नकाशा ऑफिसात पोचला.

मंगळवारी सकाळी आर्किटेक्टचा फोन आला. सूनबाईने तो स्पीकरवर ठेवला, कारण चौघंही भोवती येऊन उभे राहिले होते.

"काम उत्तम आहे," आर्किटेक्ट म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून नियमित देतो. फक्त एक बदल. रुग्णालय चार डॉक्टरांचं आहे. आपसांत कुरबुर नको म्हणून चौघांच्या खोल्या अगदी एका मापाच्या करायच्यात."

"एका मापाच्या?" आप्पा फोनच्या दिशेने वाकले. "कोण काय तपासतो हे विचारलंत का आधी? एक्स-रेचं मशीन मावायचं कुठे आणि नुसता घसा बघणारा एवढ्या जागेत करणार काय?"



"मागून कोण बोलतंय?"

सूनबाईने आप्पांकडे पाहिलं. ते दोन्ही पायांवर, कशाचाही आधार न घेता उभे होते.

"आमचे सासरे," ती म्हणाली. "वाटणीच्या कामातले जाणकार आहेत. ते सांगतायत तसंच करू या."