सात खणांची पेटी

रोज दुपारी ठीक दोन वाजता शेजारच्या गच्चीवरून माझ्या अंगणात एक अंडं पडतं. उघडं नव्हे, बांधलेलं. कधी पत्र्याच्या डब्यात, कधी नारळाच्या दोन करवंट्यांत, एकदा तर कोरून काढलेल्या दुधीभोपळ्यात. माझी शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी मी घरी लवंडलेला असतो. उठायचं, जे पडलं असेल ते उघडायचं आणि वर बघून निकाल सांगायचा, एवढंच माझं काम.

"फुटलं, काका."

गच्चीच्या कठड्यावरून एक पांढरी मिशी खाली वाकते. "कोन्या बाजूनं?"

"निमुळत्या."

"हं," म्हणून मिशी आत जाते आणि मी पुन्हा लवंडतो.

हे झाडेकाका. वणीहून राजूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची वसाहत आहे, तिथं त्यांचं घर आमच्या घराला लागून आहे. चौतीस वर्षं त्यांनी कोळशाच्या खाणीत बार उडवले. खडकाला भोकं पाडायची, त्यांत दारू भरायची, सगळ्यांना लांब पिटाळायचं आणि बटण दाबायचं, ही त्यांची नोकरी. ज्या माणसानं उभ्या वसाहतीच्या खिडक्या हलवल्या, कपाटातल्या कपबशा फोडल्या, तोच निवृत्त झाल्यावर अंडं फुटू नये म्हणून पेट्या करत बसला. "करून करून भागले आणि देवपूजेला लागले," असं आमची ही म्हणते, आणि ते काकांना ऐकू जाईल इतपत मोठ्यानं म्हणते. अंगण तिला झाडावं लागतं.

दोनचीच वेळ का, तर खाणीत अजूनही दोनला बार होतो. आधी भोंगा, मग थोडी शांतता, मग जमिनीच्या पोटातून एक धम्म येतो आणि आमच्या घरातली भांडी एकदा कुजबुजून गप्प होतात. काका त्याच क्षणी दुकानातून आणलेलं अंडं सोडतात. "वरून पडाचा धक्का येगळा, जमिनीतून येनारा येगळा," ते म्हणतात. "दोन्ही एकदम लागले पाह्यजेत, सर. सडकेवर काय ते नंबर लावून येतेत का?"

मी विज्ञानाचा शिक्षक आहे, हा माझा गुन्हा. प्रत्येक नव्या पेटीच्या वेळी काका भिंतीशी येऊन विचारतात, "तुमचं सायन्स काय म्हनते?" दुपारच्या वेळी माझं सायन्स लवकरात लवकर झोप लागेल असंच काहीतरी म्हणतं. काकांना माझ्या उत्तराची गरजही नसते. त्यांचा सिद्धांत पक्का आहे. "धक्का थांबत नाही, सर. मी चौतीस साल पाह्यला. थांबवाले जासान तं डोक्शावर येते. त्याले जागा द्या. जागा भेटली का तो आपल्याच पायानं निंगून जाते."

"धक्क्याले जागा द्या" हे त्यांचं सगळ्या दुखण्यांवरचं औषध. एकदा आमच्या घरी सासू-सुनेचं चांगलंच वाजलं. भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला, "सर, धक्क्याले जागा द्या." मी आईला आठ दिवस बहिणीकडे सोडून आलो. गुण आला.

धक्क्याला जागा द्यायची म्हणजे अंड्याभोवती काहीतरी मऊ हवं. त्या शोधात काकांची दोन वर्षं गेली. सोयाबीनचं कुटार झालं, लाकडाचा भुसा झाला, मुरमुरे झाले. मुरमुरे मुंग्यांनी नेले. गेल्या वैशाखात रस्त्याकडेची सावर फुटली, तेव्हा तर काका दिवसभर गच्चीवर उभे राहून तो उडता कापूस हातानं झेलत होते. कोळशाच्या धुळीनं आमच्याकडची झाडंसुद्धा राखाडी असतात, पण सावरीचा कापूस कसा कोण जाणे पांढराच्या पांढरा येतो. उन्हात तो खाली पडायचं विसरून गेल्यासारखा तरंगायचा आणि त्याच्याखाली बनियनमधले काका दोन्ही हात वर करून उभे. मी खाटेवरून बघत बघत कधी झोपलो ते मला कळलं नाही.

कापूस दबून बसतो, हे पुढं आठवड्यात सिद्ध झालं. शेवटी उपाय सापडला तो काकांच्याच ट्रंकेत. खाणीतून दर वर्षी मिळालेले आणि कधी न घातलेले पायमोजे. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून, त्या पेटीत उभ्या-आडव्या ताणून, त्यांना मोजे टांगायचे आणि एकेका मोज्यात एकेक अंडं ठेवायचं, निमुळतं टोक खाली. पेटी आपटली तर मोजे नुसते झुलायचे. पहिल्या दिवशी मी वर बघून "वाचलं" म्हणालो. "अजून एक डाव पाहू," काका म्हणाले. पुढचे अकरा दिवस तीच पेटी पडत राहिली आणि मी "वाचलं"च म्हणत राहिलो.

पेटीला सात खण होते.

"सहा अंड्यांची म्हणत होता ना?" मी विचारलं. "सातवा कशाला?"

"तोल राह्याले," काका म्हणाले आणि त्यांनी झाकण लावलं.

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. सुशीलाकाकूंच्या, म्हणजे झाडेकाकांच्या मंडळींच्या, वीसेक गावरान कोंबड्या होत्या. काकू माहेरून एक कोंबडी घेऊन आल्या होत्या, तिचाच हा गोतावळा. आमच्या वसाहतीत कुणी बाळंतीण झाली की काकूंकडून अंडी यायची. पण कोंबडी अंड्यांवर बसवली की काकू आणि काकांची जुंपायची. काकू टोपलीत अंड्यांखाली एक कोळसा आणि एक लोखंडी खिळा ठेवत. आभाळ गरजलं तर अंड्यातल्या जिवाला दचका बसतो, तो दचका कोळसा आणि खिळा ओढून घेतात, असं आमच्याकडं मानतात. काकूंच्या बाबतीत आभाळाचा प्रश्नच नव्हता. "तुमच्या बारानं माह्ये अंडे नासून राह्यले," त्या म्हणायच्या. त्यावर काका अख्ख्या वसाहतीला ऐकू जाईल असे हसायचे. "कोळशा-खिळ्यानं बार आवरला असता तं मले कायले ठेवलं असतं खानीत?" काकू कोळसा मात्र काकांच्याच खाणीतला घ्यायच्या.

काकू गेल्या त्याला तीन वर्षं झाली. दुपारी चुलीशी बसल्या बसल्या गेल्या. बार भरताना खाणीत मोबाइल बंद ठेवावा लागतो, त्यामुळे काकांना निरोप पोचला तो बार झाल्यावर. म्हणजे दोनला आमच्या घरातली भांडी कुजबुजली तेव्हा काकू बाजेवर निपचित होत्या, माझी बायको त्यांच्या उशाशी होती आणि तिकडं बटण काकांच्या हाताखाली होतं.

मग रोग आला आणि कोंबड्या गेल्या. उरली एक तांबडी. ती म्हातारी, महिन्यात चार-दोन अंडी घालायची आणि त्यांच्यावर बसायला तयार नसायची. काकांनी ती अंडी वसाहतीतल्या दुसऱ्या कोंबड्यांखाली दोनदा ठेवून बघितली. दोन्ही वेळा नासली. "खानीचा बार लागते," काका मला म्हणाले.

पांढरकवड्याच्या पुढं काकूंचं माहेर आहे. तिथं त्यांची धाकटी बहीण कमलाबाई राहते; अंडी तिच्याकडं नेऊन बसवायची, हे काकांनी मनात धरलं होतं. तिच्याकडं एक कोंबडी खुडूक झाल्याचा, म्हणजे अंड्यांवर बसायला तयार झाल्याचा, फोन आला त्याआधीच्या पंधरवड्यात कधी नव्हे ती तांबडीनं सहा अंडी दिली होती. "हे शेवटचे, सर," काका म्हणाले. "आता तांबडी घालत नाही. सहा गेले का सारं गेलं. चला सोबत, सायन्सवाला मानूस पाह्यजे."

रविवारी सकाळी आम्ही बस धरली. काकांनी पेटीला लाल रंग दिला होता आणि वर पांढऱ्या अक्षरांत सूचना लिहिल्या होत्या. चौतीस वर्षं ज्या सूचना वाचल्या त्याच त्यांना येत होत्या. धोका. आपटू नका. विस्तवापासून दूर ठेवा. कंडक्टरबाईंनी ते वाचलं आणि तिकिटाचं मशीन खाली घेतलं.

"आजोबा, हे काय घेऊन चालले?"

"सहा नग हायेत," काका शांतपणे म्हणाले. "जित्ते हायेत. धक्का लागू देऊ नका."

पुढच्या बाकावरची दोन माणसं खाली उतरून उभी राहिली. मी घाईघाईनं मध्ये पडलो, अंडी आहेत, कोंबडीची आहेत, मी शिक्षक आहे, असं जे सुचेल ते सांगितलं. बाईंनी पेटी उघडायला लावली. आत रांगेनं मोजे लोंबत होते.

"मोजे काहून?"

"थंडी वाजत असन," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळी बस हसली. काका हसले नाहीत. बसवायची अंडी आहेत, बायकोच्या कोंबडीची आहेत, बायको नाही आता, असं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. बाईंनी मधल्या बाकावरच्या माणसाला उठवलं, कारण चाकांपासून लांब तिथं कमी आदळतं, आणि पुढं जाऊन ड्रायव्हरला म्हणाल्या, "दादा, हळू घ्या. सहा लेकरं हायेत गाडीत."

मारेगाव गेलं, करंजी गेलं. पळस फुललेला होता आणि उन्हात सगळं शिवार पेंगत होतं. काका पेटी मांडीवर घेऊन बसले होते. प्रत्येक खड्ड्याला ते बाकावरून किंचित उठायचे आणि पेटीला हवेत धरायचे. "झोपले हायेत," मला हळूच म्हणाले. मीही मग त्यांच्यासारखाच हळू बोलू लागलो. बस इतकी संथ चालली होती की आम्ही कुठं पोचणारच नाही आणि त्याचं कुणाला काही वाटणारही नाही, असं मला अर्धवट झोपेत वाटून गेलं.

कमलाबाईंच्या घरी पोचल्यावर काकांनी पेटी सावलीत ठेवली आणि दोन तास कुणाला हात लावू दिला नाही. प्रवासानंतर अंडी निजू द्यावी लागतात. आम्ही भाकरी-वांगी खाल्ली. मग टोपलीत तणस पसरून झालं आणि काका माझ्याकडं पाठ करून उभे राहिले.

"सर, निकाल तुमी सांगा."

मी एकेक मोजा मोकळा केला. "वाचलं," मी म्हणालो. दुसरं काढलं. "वाचलं." सहाव्या वेळी माझाच आवाज चिरकला. कमलाबाईंनी अंडी पदरात घेतली आणि आत हाक मारली, "अवं, कोळसा पाह्यजे आन् एखादा खिळा."

"थांब," काका म्हणाले.

त्यांनी सातव्या खणातला मोजा काढला. आत सावरीच्या कापसात गुंडाळलेला एक कोळशाचा तुकडा होता, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला, आणि एक वाकडा, गंजका खिळा.

"बाईचा होय हा," कमलाबाई म्हणाल्या. मोठ्या बहिणीला त्या बाई म्हणत.

"तिच्या टोपलीतला," काका म्हणाले. "सर, हसू नका. सायन्सात बसत नाही, मले म्हाईत हाये."

मी हसत नव्हतो. मी उगीच ट्यूबच्या पट्ट्या सारख्या करत बसलो.

काकांनी तणसात बोटानं जागा केली, कोळसा आणि खिळा ठेवला, त्यावर एकेक करून सहा अंडी मांडली. कमलाबाईंनी कोंबडी आणून ठेवली. ती दोनदा फिरली, पिसं फुलवली आणि बसली. एकवीस दिवसांनी सहांतली चार पिल्लं निघाली आणि त्यांतलं एक थेट तांबडीच्या रंगाचं आहे, पण ते आम्हाला नंतर फोनवर कळलं. माझ्या मनात राहिली आहे ती तीच दुपार.

काकांनी घड्याळ बघितलं. दोन वाजत होते. ते टोपलीशी उकिडवे बसले आणि दोन्ही हातांनी टोपली घट्ट धरली. आम्ही तिघं तसेच थांबलो. बाहेर कुठंतरी एक बैल घंटा वाजवत गेला. बाकी काही झालं नाही.

"कमल," काकांनी विचारलं, "इथं बार नाही होत काय?"

"इथं कायचा बार, भाऊजी?"

"हो. बरं हाये," काका म्हणाले. हात मात्र त्यांनी काढले नाहीत.