चौदा पायऱ्यांचा कठडा

जानेवारीच्या अखेरीस एका सकाळी मागच्या जिन्याचा लाकडी कठडा नेरिल ब्रॉस्ननच्या हातात आला. अख्खा आला. वाळवीने आतून सगळा फस्त केला होता, वर फक्त रंग शिल्लक होता. घराला दर दोन वर्षांनी तिचा नवरा लान्स रंग देत असे, त्यामुळे रंग मात्र भक्कम होता.

नेरिलच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला सहा आठवडे झाले होते. घर ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडमधल्या उसाच्या पट्ट्यातलं, तिथल्या जुन्या घरांसारखंच उंच खांबांवर उभं. खाली मोकळी जागा, वर माणसं. उतरायला चौदा पायऱ्या. पुढच्या बाजूला एके काळी दुसरा जिनाही होता, पण सात वर्षांपूर्वी लान्सने व्हरांडा बंद करायला घेतला तेव्हा तो काढून टाकला. नवा बसवायचाय, असं तो सात वर्षं म्हणत होता.

"कठडा लागेपर्यंत जिना उतरायचा नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "पडलात तर मी दुसऱ्यांदा जोडून देणार नाही."

नेरिलचं मागणं मोठं नव्हतं. ईस्टरला आपल्या पायांनी चर्चला जायचं. एकतीस वर्षं त्या दिवशी वेदीवरची फुलं तिने मांडली होती, आणि यंदा तिच्या जागी मॉरीन टपूनच बसली होती. मॉरीन प्लास्टिकची फुलं आणते. नेरिलने सुताराला फोन केला. तो मंगळवारी येतो म्हणाला. सोमवारी लान्सने त्याला येऊ नको म्हणून कळवलं.

"परत लाकूडच?" लान्स म्हणाला. "वाळवीला जेवायला बोलावतेस का? लोखंडाचा करू. जन्मात हलणार नाही."

"करणार कोण?"

"मी."

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर लान्सने अडतीस वर्षं उसाची वजनं घेतली होती. लोखंडाशी त्याचा संबंध तेवढाच. पण डडली हॅकेट नावाचा त्याचा एक मित्र होता. कुठे कुणी शेती मोडून गावात राहायला गेलं, की त्याचं सगळं सामान माळावर ओळीने मांडून लिलाव होतो. तिथे डडली पहाटेपासून हजर असतो. तो लान्सला घेऊन गेला आणि दुपारी दोघांनी मिळून, कण्हत कण्हत, एक जुनं वेल्डिंगचं मशीन घराखाली उतरवलं. निळं, गाभण डुकरिणीएवढं जड, आणि मूठ तारेने बांधलेली.

"फुकटात मिळालं म्हण," डडली म्हणाला.

"चालतं का?" नेरिलने वरून विचारलं.

"वहिनी, लिलावात असं विचारत नाहीत."

त्याच आठवड्यात राखेचा बुधवार आला आणि ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला. फादर तुआन धापा टाकत चौदा पायऱ्या चढून आले आणि नेरिलच्या कपाळाला राख लावून म्हणाले, "दरवर्षी साखर सोडता. यंदा असं काहीतरी सोडा, ज्याने खरंच जड जाईल."

नेरिलने रात्रभर विचार केला आणि ठरवलं, ईस्टरपर्यंत लान्सकडे तक्रारीचा एक शब्द काढायचा नाही. तोंडाशी आलेलं वाक्य गिळायचं आणि त्या जागी जपमाळेतली एक 'नमो मरिया' प्रार्थना म्हणायची. हे व्रत तिने फक्त फादरांना सांगितलं. नवऱ्याला सांगणं म्हणजे तक्रारच झाली असती. उपवासकाळात रविवार मोजत नाहीत, म्हणजे रविवारी बोलायची मुभा होती. नेरिलने तीही घेतली नाही.

तिथून सगळं घरंगळत गेलं.

आधी प्लग. मशीनच्या प्लगची एक पिन घरातल्या सॉकेटपेक्षा रुंद होती. एवढा भार घरातल्या तारांना सोसत नाही, म्हणून ती मुद्दामच रुंद ठेवतात.

"कानस मार," डडली म्हणाला. "इकडे सगळे घासूनच बसवतात."

लान्सने घासून बसवली. तेव्हापासून खाली ठिणगी पडली की वर अंधार. पंखा बंद, फ्रीज बंद. चर्चला जाता येत नाही म्हणून नेरिल रविवारी रेडिओवर मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ऐकायची. तिकडे फादरांनी पवित्र भाकर उचलली, की इकडे खालून 'चर्र' व्हायचं आणि रेडिओ मुका.

"फ्यूज गेला वाटतं," लान्स खालून ओरडायचा. "वर ठीक आहे ना गं?"

"ठीक आहे," नेरिल म्हणायची. नमो मरिया.

मग रॉड. मशीनबरोबर आलेले वेल्डिंगचे रॉड बारा पावसाळे गोठ्यात काढून दमट झाले होते. ते भाजून वाळवावे लागतात. लान्सने ते नेरिलच्या ओव्हनमध्ये, तिच्याच केकच्या ताटात मांडले. त्यानंतर शुक्रवारच्या माशाला पैसा चघळल्यासारखी चव यायला लागली.

"आज मासा वेगळाच झालाय," लान्स म्हणाला. "काय घातलंस?"

नेरिलने दोन नमो मरिया म्हटल्या. एक माशासाठी, एक लान्ससाठी.

कठडा करायचा तर आधी तो ठेवायला टेबल हवं, म्हणून लान्सने लोखंडी टेबल केलं. टेबलाला शिकंजा हवा, शिकंज्याला बैठक हवी. मशीन उचलून कंबर धरली, म्हणून त्याला चाकांची गाडी केली. ती उतारावरून आपसूक निघाली आणि शेजाऱ्यांच्या कोंबड्यांत जाऊन थांबली, म्हणून तिला अडकवायला साखळी केली. डडलीला कुत्र्याच्या आकाराची टपालपेटी करून दिली, तिचं तोंड मिटत नव्हतं. तिसरा आठवडा संपला तेव्हा घराखाली माणसाला लागेल ते सगळं लोखंडात तयार होतं. जिन्याला तेवढं काही नव्हतं. नेरिल रोज सकाळी दाराशी येऊन त्या उघड्या चौदा पायऱ्या बघायची, आणि तिच्या जपमाळा मठातल्या सिस्टरांपेक्षा जास्त होत होत्या.

लान्सला मात्र घरात कधी नव्हे ती शांतता जाणवत होती. "बाईला मशीन मानवलंय," त्याने डडलीला सांगितलं. फळ्यांच्या फटींतून ते वर सगळं ऐकू आलं.

चौथ्या आठवड्यात फादर तुआन नेरिलला प्रसाद द्यायला आले आणि उतरताना घराखाली डोकावले.

"लान्स, चर्चच्या दोन पायऱ्यांना एक कठडा होईल का? म्हाताऱ्या माणसांना बरं पडेल."

"होईल की," लान्स म्हणाला आणि आठ दिवसांत करून, रंगवून, बसवूनही आला.

नेरिल थक्क झाली. शब्द मोजून मोजून तिने विचारलं, "चर्चचा आधी झाला का?"

"अगं, बाहेरचं काम. तिथे नाव जातं." लान्सने हात पुसले. "शिवाय दोन पायऱ्यांवर हात बसला. आता चौदा म्हणजे काहीच नाही."

खोटं नव्हतं. हात बसला होता. नेमकं तेच नडलं.

चौदा पायऱ्यांचा कठडा म्हणजे लांबच लांब नळ्या, त्याही जिन्याच्या उतारासारख्या तिरक्या. त्या तशा धरून ठेवायला टेबल पुरेना. घराचे खांब मात्र लोखंडी होते. लाकडी खांब वाळवीने पूर्वीच खाल्ले होते. लान्सने नळ्या तिरक्या लावून खांबांना वेल्डिंगचे तात्पुरते टाके मारले. काम झालं की टाके तोडायचे. मग तोंडावर मुखवटा घेऊन तो पक्क्या वेल्डिंगला बसला. काळ्या काचेतून सगळे सांधे सारखेच दिसतात. पहिल्यांदाच हात इतका सुरेख चालत होता की त्याला थांबवेना. मुखवटा काढला तेव्हा कठडा पुरा झाला होता आणि घराच्या तीन खांबांना कायमचा जोडला गेला होता.

डडलीने येऊन कठडा हलवून पाहिला. हलला नाही.

"मस्त काम आहे," तो म्हणाला. "कापू नकोस पण. कटर चुकून खांबात गेला तर वहिनींचं स्वयंपाकघर आपल्या डोक्यावर येईल."

हे सगळं गुड फ्रायडेला घडलं. शनिवारी नेरिलने फुलांसाठी फोन केला, तेव्हा मॉरीन म्हणाली, "तू काळजी करू नकोस गं. मी सकाळीच मांडली."

ईस्टरच्या सकाळी नेरिलने निळा झगा घातला, खाली टॉवेल घेतला आणि एकेका पायरीवर बसत चौदा पायऱ्या उतरली. लान्सने खाली तिची काठी धरली होती. खाली आल्यावर त्याने तिला कठडा दाखवला. हिरवा रंग, एकसारखे सांधे, जिन्याइतकाच तिरका. जिना तेवढा दहा पावलं पलीकडे होता.

"हात लावून बघ," लान्स म्हणाला. "घर हलेल, हा नाही हलायचा."

नेरिलने हात लावला. कठडा खरंच सुंदर झाला होता. त्याचंच तिला सगळ्यात वाईट वाटलं.

मिस्सा झाल्यावर ती चर्चच्या दोन पायऱ्यांवर लान्सचा कठडा धरून उभी राहिली. आत वेदीवर प्लास्टिकच्या लिली टवटवीत होत्या.

"पाळलंत ना?" फादर तुआननी हळूच विचारलं.

"पाळलं, फादर. एक शब्द नाही."

"लान्स काय म्हणाला?"

"त्याला कळलंच नाही."

फादर हसले. "त्यानेही व्रत घेतलं होतं. हा कठडा बसवायला आला तेव्हा सांगत होता. नेरिल कितीही कटकट करू दे, उलट उत्तर द्यायचं नाही. फार सोपं गेलं म्हणे यंदा."

नेरिलने कठड्यावरची मूठ सोडली आणि गाडीत जाऊन बसली. लान्स खुशीत होता.

"डडलीकडे घर उचलायचा जॅक आहे," गाडी वळवत तो म्हणाला. "कठडा हलत नाही, पण जिना हलवता येतो. उद्या सुट्टी आहे. जिना काढून ठेवतो, मग निवांत कठड्याजवळ नेऊन बसवू."

"लान्स, गाडी बाजूला घे."

त्याने उसाच्या शेताकडेला गाडी थांबवली. नेरिलने जपमाळ पर्समध्ये ठेवली, पर्स मिटली आणि मांडीवर नीट धरली. सेहेचाळीस दिवसांचं साठलं होतं, कुठलं टोक आधी धरावं ते तिला क्षणभर कळेना. मग तिने सुरुवात सात वर्षांपूर्वीच्या पुढच्या जिन्यापासून केली.