कंपाउंडर अण्णांच्या पुड्या

अण्णा मीठसुद्धा पुडीतून देत. ते शेजारी राहायला आले तेव्हा एकदा मी चमचाभर मीठ मागितलं, तर कागदाच्या चार पुड्या आल्या. चारही सारख्या, टोक आत खोचलेलं. वर सूचना, "जेवणानंतर, वहिनी." मिठाला जेवणानंतर! मी घाबरून एक पुडी उघडली आणि आधी चाखून पाहिली.

सांगलीकडे एका दवाखान्यात त्यांनी चाळीस वर्षं कंपाउंडरकी केली. बायको गेल्यावर मुलाने इथे परदेशात, एनिस गावात आणलं. मुलगा कारखान्यात, सून कामावर, नात सई शाळेत. दिवसभर घरात अण्णा आणि कात्री. बटणं, लवंगा, रबरबँड, सगळ्याच्या पुड्या. कुणी शिंकलं की सुंठ, हळद आणि पिठीसाखर. "तीन दिवस, तीन पुड्या. चौथ्या दिवशी मला तोंड दाखवायचं नाही." इंग्रजी शब्द एकच यायचा, 'ग्रँड', म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक आहे'. कुणी काहीही विचारलं तरी ग्रँड.

सप्टेंबरात त्यांनी सईच्या बसथांब्यावर तिच्या मैत्रिणींना पुड्या वाटल्या. सई रडत घरी आली. पुन्हा तिथे यायचं नाही, असं तिने अण्णांना बजावलं. अण्णा म्हणाले, "ग्रँड."

आणि एका दुपारी त्यांच्या दारात गार्डांची गाडी उभी. इथे पोलिसांना गार्ड म्हणतात. माझ्या हातातली कढई ओट्यावर आपटली. शाळेच्या मुलांच्या थांब्यासमोर, गल्लीच्या कोपऱ्यावर अण्णा रोज घुटमळतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांना पुड्या देतात, म्हणजे ड्रग्ज विकतात, असा आरोप! खिशात सतरा पुड्या सापडल्या होत्या. गार्डाने तीन वेळा 'इथून जा' म्हटलं, तिन्ही वेळा अण्णा ग्रँड म्हणून तिथेच उभे. वर गार्डाचं नाक वाहत होतं म्हणून त्यालाही एक पुडी दिलेली. देवाधर्माचा माणूस, आणि ड्रग्ज!

तपासणीत सुंठ निघाली. पुड्यांचं मिटलं, पण गार्डाने सांगूनही तिथून हलले नाहीत, याचा खटला काही मिटेना. मुलगा म्हणाला, "खटला हरलो तर बाबांचा व्हिसा वाढायचा नाही. परत पाठवावं लागेल." परत कुठे? सांगलीचं घर केव्हाच विकलेलं.

वकीलबाईंकडे जायच्या दिवशी मुलाला रजा मिळाली नाही. दुभाषी म्हणून सई निघाली. पंधरा वर्षांची पोर. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. सोबतीला कुणी मोठं हवं म्हणून मी गेले. मी चौथी शिकलेली, चार माणसांत तोंड उघडायची माझी हिंमत नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीत पर्स धरून बसले.

वकीलबाईंचा प्रश्न एकच. रोज त्याच जागी, त्याच वेळी, अर्धा तास का उभे राहता? सईने तो मोडक्या मराठीत विचारला.

"पाय दुखतात म्हणून," अण्णा म्हणाले.

"पाय दुखतात तर बसायचं ना, आजोबा! स्टँडिंग का?"

"हवेसाठी."

"पाऊस होता!"

"पावसाची हवा."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. खरं कारण मिळालं नाही तर त्या काहीच करू शकणार नव्हत्या. अण्णा माझ्याकडे बघून हळूच मान हलवत होते, नको, नको. कारण मला माहीत होतं. मी त्याच वेळी दुकानातून परत येत असे.

माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे. "सई, तू थांब्यावर येऊ नको म्हणालीस ना? म्हणून ते समोरच्या गल्लीत उभे राहतात. तुला दिसू नयेत असे. तू बसमध्ये चढलीस, बस वळली, की घरी येतात."

"वहिनी!" अण्णा ओरडले. एवढं ओरडताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

वकीलबाईंनी पेन पुन्हा उचललं. मग सईने ते इंग्रजीत सांगितलं, फार हळू, आणि शेवटी बाहीने नाक पुसलं. अण्णांचा हात सवयीने खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. खटला संपेपर्यंत पुड्या बंद, अशी मुलाची ताकीद होती.

न्यायाधीशांनी सगळं ऐकून घेतलं आणि खटला काढून टाकला. आपल्याला मिळालेली पुडी पुरावा म्हणून जमा केली, असं गार्डाने तिथे सांगितलं, तेव्हा अण्णांना फार वाईट वाटलं. "म्हणजे त्याची सर्दी तशीच राहिली असेल हो, वहिनी."

सोमवारी मी दुकानातून येत होते. अण्णा गल्लीतच, भिंतीला चिकटून उभे. एवढ्यात सई मैत्रिणींना सोडून रस्ता ओलांडून आली आणि सगळ्यांसमोर तिने हात पुढे केला.

"आजोबा, मला खोकला झालाय."

खोकला बिकला काही नव्हता. अण्णांनी खिसे चाचपले. मग हातातल्या वर्तमानपत्राचा कोपरा फाडला, नीट घड्या घातल्या, टोक आत खोचलं, आणि ती रिकामी पुडी तिच्या तळव्यावर ठेवली.

"जेवणानंतर," ते म्हणाले.

तिने ती दप्तरात टाकली नाही. बस वळेपर्यंत तिची मूठ खिडकीत मिटलेली दिसत होती.