वाढत्या अंगाचा कोट

शिंप्याची बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि जाताना म्हातारा कुत्रा ढोल्या नवऱ्याच्या गळ्यात घालून गेली. नवरा जेवणार काय, याबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. एवढंच बजावलं, की ढोल्याच्या छातीत कफ आहे, पुन्हा गारठला तर या वयात तो उठायचा नाही, असं डॉक्टर म्हणालेत.

"मी येईन तेव्हा तो मला दारात दिसला पाहिजे."

शिंप्याने मान डोलावली. इतक्या वर्षांत त्याचा आणि ढोल्याचा संबंध "हो बाजूला" म्हणण्यापुरताच आला होता.

त्यात थंडीने जोर धरला. शिंप्याने ढोल्याला दुकानामागच्या खोलीत गोधडीवर बसवलं आणि वारा नको म्हणून दार लावून घेतलं. ढोल्या दाराला नाक लावून दिवसभर कण्हत राहिला. याला थंडी बाधली, असं ठरवून शिंप्याने हातातले गणवेश बाजूला सारले आणि कोट बेतायला घेतला.

जन्मभर शाळेचे गणवेश शिवलेला हात तो. पोरं वाढतात म्हणून माप चार बोटं जास्त धरायचं, ही सवय हाडात मुरलेली. कापडही गणवेशाचंच उरलेलं, राखाडी. छातीवर खिसासुद्धा आला. ढोल्याने कोट घालून दोन पावलं टाकली आणि बाहीत पाय अडकून तो तोंडावर आपटला. या वयात हा आणखी किती वाढणार होता, हे शिंप्याला आता सुचलं. त्याने कोट आवळला. बटणं लावली, तर ढोल्याने ती चावून टाकली. शेवटी वैतागून शिंप्याने त्याला गुडघ्यांत धरलं आणि कोट पोटाखालून शिवूनच टाकला.

बसला मात्र झकास. फक्त ढोल्या हलेना. एक पाय उचललेला, नजर भिंतीवर, दूध दाखवलं तरी जीभ बाहेर येईना. शिंपी घाबरला. त्याने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि कोट घातल्यापासून कुत्र्याला लकवा झाल्याचं सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "कोट आवडत नाही त्याला. काढा."

"काढता येत नाही, साहेब. शिवलाय."

"कशावर?"

"त्याच्यावरच."



मग कात्री आली. दोनचार टाके उसवताच ढोल्यात प्राण आले आणि अर्धा कोट फरफटवत तो उघड्या दारातून रस्त्यावर पळाला. शिंपी तसाच बनियनवर मागे धावला. शाळा नुकतीच सुटली होती. त्याने शाळेच्या दारातल्या रखवालदाराला खूण सांगितली, राखाडी कोट, छातीवर खिसा, जरा लंगडतो.

"कितवीत आहे?" रखवालदाराने विचारलं.

अंधार पडेपर्यंत शिंपी फिरला. परतला तेव्हा दुकान सताड उघडंच होतं. दिवा न लावता तो मशीनपाशी बसला, सवयीने पाय खाली सोडले आणि डोकं मशीनवर टेकलं. बायको काय म्हणेल याची भीती वाटेल, असं त्याला वाटलं होतं. पण तसं झालं नाही. त्याला ते दारामागचं कण्हणं ऐकू येईनासं झालं होतं आणि त्याचंच रडू येत होतं. अखेर त्याने बायकोला फोन केला.

"ढोल्या पळाला. मीच घालवला. असल्या गारठ्यात कुठे मरून पडला असेल गं."

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मशीनखाली बघितलंत?"

"मशीनखाली काय बघायचं? चिंध्यांचं गाठोडं आहे. थंडीत रोज पाय ठेवतो मी त्यावर."



"अहो, चिंध्या मी रोज सकाळी झाडून टाकते. त्या मशीनखाली गाठोडं कधीच नव्हतं."

शिंप्याची खाली बघायची हिंमत होईना. त्याने पायही हलवले नाहीत. गाठोड्याने लांबलचक जांभई दिली आणि अर्ध्या कोटासकट कूस बदलली.